जपानी चूल आणि आपले सोयाबीन



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून इतिहास, साहित्य, अध्यात्म आणि राजकारण या विषयांवर बोलण्याची आपल्याकडे जुनी वहिवाट आहे. चुलीविषयी बोलण्याची नाही. आज मला चुलीविषयीच बोलावयाचे आहे, आणि तीही परक्या मुलखातल्या. जपानात मी सात वर्षे बिऱ्हाड केले. प्रवासी आणि बिऱ्हाडकरू यांत मोठा फरक असतो. प्रवासी आठ दिवस जे मिळेल ते खातो आणि घरी येऊन त्याच्या गमती सांगतो. बिऱ्हाडकरूला मात्र रोज संध्याकाळी एकच प्रश्न पडतो: आज काय शिजवावे? या एका प्रश्नाच्या पाठीमागे लागले की देशाची शेती, धर्म, बाजार आणि शेजारपाजार हे सारे हळूहळू समजू लागते.

जपानी जेवण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कच्चा मासा येतो. तो तिथे आहे, आणि मानाचा आहे. पण माझ्यासारख्या शाकाहारी घरातून गेलेल्या बाईला त्या स्वयंपाकघरात शिरावयाचे तर वाट वेगळी होती. ती वाट एका धान्यावरून जात होती, आणि ते धान्य दारव्ह्यापासून वणीपर्यंत आपल्या प्रत्येकाच्या शिवारात उभे असते. ते म्हणजे सोयाबीन. ज्या धान्याचे पोते आमच्या घरात मळणीनंतर चार दिवससुद्धा टिकत नसे, ते खावे कसे हे मला टोकियोत जाऊन शिकावे लागले. धान्य शेतात पिकते, पण ते अन्न होते चुलीपाशी, हेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम तिथल्या मराठी बिऱ्हाडांविषयी दोन शब्द. टोकियोच्या पूर्व भागात एदोगावा नावाचा विभाग आहे. त्यातल्या निशी-कासाई या वस्तीत २००० सालच्या सुमारास संगणकाच्या कामासाठी गेलेली भारतीय कुटुंबे राहू लागली. ती वस्ती पुढे इतकी रुजली की २०१९ साली एदोगावा विभागाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक हे मूळचे महाराष्ट्रातले गृहस्थ निवडून आले. भारतात जन्मलेल्या माणसाने जपानात निवडणूक जिंकल्याचे ते पहिले उदाहरण. अशा वस्तीत तूरडाळ मिळते, हिंग मिळतो, कणीक मिळते. मसाल्याचा डबा आणि प्रेशर कुकर तर प्रत्येकीच्या सामानातूनच गेलेले असतात. तेव्हा मराठी माणूस तिथे दहा वर्षे राहून एकही जपानी घास न खाता परत येऊ शकतो.

परदेशी गेलेल्या माणसाने आपली चूल बरोबर न्यावी, यात नवे काही नाही. क्रांतिकारक रासबिहारी बोस १९१५ साली जपानात गेले. इंग्रज सरकार त्यांच्या मागावर होते. शिंजुकु भागातील नाकामुराया या पावाच्या दुकानाचे मालक सोमा पतिपत्नी यांनी त्यांना आश्रय दिला, आणि १९१८ साली आपली मुलगी तोशिको त्यांना दिली. १९२७ साली नाकामुरायाने उपाहारगृह काढले, तेव्हा बोसांनी शिकवलेली भारतीय करी तिथे मिळू लागली. त्यापूर्वी जपानात करी नव्हती असे नाही. पण ती इंग्लंडमार्गे आलेली, पिठाने दाट केलेली होती. आज ती जपानी घरोघर शिजते. गंमत अशी की शाकाहारी भारतीयाला ही करी बहुधा चालत नाही. ती ज्या तयार वड्यांपासून करतात त्यांत पुष्कळदा गाईची किंवा डुकराची चरबी असते. आपल्याच मुलखातून गेलेला पदार्थ आपल्याला वर्ज्य व्हावा, असे प्रकार स्वयंपाकाच्या इतिहासात होत असतात.

मग आपली चूल नेता येत असताना दुसऱ्याची कशाला शिकावयाची? एक कारण खर्चाचे. आपला किराणा तिथे महाग पडतो. उलट मुळा, कोबी, पालक, भोपळा आणि टोफू कोपऱ्यावरच्या दुकानात स्वस्त मिळतात. दुसरे कारण मुलांचे. सरकारी प्राथमिक शाळेत सगळी मुले वर्गात बसून एकच जेवण जेवतात, आणि ते मुलेच पाळीपाळीने वाढतात. आपल्या मुलाने रोज वेगळा डबा उघडावयाचा असेल, तर निदान बाकीच्यांच्या ताटात काय आहे हे आईला कळले पाहिजे. तिसरे कारण शेजाराचे. शेजारणीने प्रेमाने आणून दिलेली वाटी दर वेळी परत करता येत नाही, आणि न चाखता ठेवूनही देता येत नाही.

आता जपानी ताटाचे व्याकरण पाहू. आपल्या ताटाला डावी-उजवी बाजू असते. मीठ-लिंबू कुठे, कोशिंबीर कुठे, भाजी कुठे, हे लहानपणीच अंगवळणी पडते. तिथेही तसेच आहे. 'इचिजू सान्साई' म्हणजे एक सार आणि तीन पदार्थ, असे त्यांचे सूत्र. भात आणि लोणचे गृहीतच धरलेले. भाताची वाटी डावीकडे, साराची उजवीकडे, आणि दोन्ही वाट्या हातात उचलून तोंडाजवळ न्यावयाच्या. जेवणाआधी हात जोडून एक शब्द म्हणावयाचा आणि जेवण झाल्यावर दुसरा. आपल्याकडे पंगतीत श्लोक म्हणत त्याची आठवण व्हावी. जेवण्याच्या काड्या भातात उभ्या रोवावयाच्या नाहीत, कारण मृतापुढे ठेवलेल्या भातात त्या तशा रोवतात. पिंडदान पाहिलेल्या आपल्या माणसाला यातले मर्म फोड करून सांगावे लागत नाही. २०१३ साली युनेस्कोने जपानच्या या पारंपरिक आहारपद्धतीची मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात नोंद केली. ती नोंद एखाद्या पदार्थाची नसून या साऱ्या रीतीची आहे.

भाताचीच गोष्ट घ्या. आपण मोकळ्या भाताचे भक्त. शिताला शीत चिकटले की आपल्याकडे सुगरणीची अब्रू जाते. तिकडचा तांदूळ आखूड आणि गोलसर; तो चिकटलाच पाहिजे, नाहीतर काड्यांनी उचलणार कसा? तांदूळ चार-पाच पाणी बदलून धुवावयाचा, अर्धा तास भिजत ठेवावयाचा, बेताच्या पाण्यात शिजवावयाचा आणि आच बंद केल्यावर दहा मिनिटे झाकण न काढता मुरू द्यावयाचा. त्यात मीठ नाही, तूप नाही. पहिले काही महिने असा भात बेचव लागतो. पुढे एके दिवशी भाताची स्वतःची गोडी जिभेला कळते, आणि मग त्यावर वरण ओतणे म्हणजे त्या भाताचे तोंड बंद करणे आहे असे वाटू लागते.

शाकाहारी माणसाची खरी परीक्षा मात्र सारापाशी होते. जपानी स्वयंपाकाच्या बुडाशी 'दाशी' नावाचे एक पाणी असते. आपण जशी फोडणी करतो, तशी ते दाशी करतात. फोडणीत चव तेलातून पदार्थात उतरते, दाशीत ती पाण्यातून उतरते. हे पाणी 'कोंबु' नावाच्या वाळवलेल्या समुद्रशेवाळाचे असते, आणि त्यात बहुधा 'कात्सुओबुशी' म्हणजे धुरी देऊन लाकडासारख्या कडक केलेल्या माशाचा कीस घालतात. साध्या पालकाच्या भाजीत, शेवयांच्या रश्श्यात, भोपळ्याच्या फोडींत हे पाणी असते. दुकानदाराला विचारावे, "यात मांस आहे का?" तर तो प्रामाणिकपणे "नाही" म्हणतो, कारण त्याच्या लेखी माशाचे पाणी म्हणजे मांस नव्हे. म्हणून तिथे राहणारी शाकाहारी गृहिणी जपानी लिपीतली पहिली अक्षरे शिकते ती शाळेच्या पुस्तकातून नाही, खाद्यपदार्थांच्या पुड्यांवरून: गाय, डुक्कर, कोंबडी, मासा.

पण ज्या कुलपाने दार बंद केले त्याची किल्लीही त्याच घरात असते. १९०८ साली टोकियोच्या विद्यापीठातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक किकुनाए इकेदा यांनी कोंबुच्या पाण्यातला रुचकरपणा कशामुळे येतो याचा शोध घेतला. गोड, आंबट, खारट आणि कडू यांहून ही चव निराळी आहे, असे सांगून त्यांनी तिला 'उमामी' हे नाव दिले. ग्लुटामेट हा तो पदार्थ. पुढे १९५७ साली अकिरा कुनिनाका या संशोधकाने दाखवले की शीताके नावाच्या अळंबीतही अशीच चव देणारा दुसरा पदार्थ आहे, आणि दोन्ही एकत्र आले की चव कितीतरी पटीने खुलते. म्हणजे रात्री पाण्यात कोंबुचा एक तुकडा आणि वाळलेल्या दोन-तीन अळंब्या टाकून ठेवल्या, की सकाळी माशाविना दाशी तयार! शास्त्राने हे विसाव्या शतकात सांगितले, पण तिथल्या मठांतले स्वयंपाकी अशी दाशी पिढ्यान्‌पिढ्या करीत आले होते.

त्या मठांकडे आता वळू. ६७५ साली सम्राट तेम्मूने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांच्या मांसावर वर्षातील काही महिने बंदी घातली. बौद्ध धर्माच्या प्रभावाने पुढची अनेक शतके जनावरांचे मांस जपानी ताटात दुय्यमच राहिले. १८७२ साली सम्राट मेइजीने गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले, तेव्हा कुठे तो काळ पालटला. मधल्या काळात समुद्राकाठी मासा होता. पण मठांत मासाही वर्ज्य. तिथे 'शोजिन' नावाचा स्वयंपाक घडला. त्यात मांसमासळी नाही, आणि कांदा-लसूणही नाही, आपल्या चातुर्मासासारखेच. झेन आचार्य दोगेन यांनी १२३७ साली मठाच्या स्वयंपाक्यासाठी एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. तांदूळ निवडणे आणि भांडी जागेवर ठेवणे हीदेखील साधनाच आहे, असे त्यांचे सांगणे. वाकायामा प्रांतात कोयासान नावाचा पर्वत आहे. तिथल्या मठांत उतरणाऱ्या यात्रेकरूंना आजही हेच जेवण मिळते. महाराष्ट्राच्या माणसाला या पर्वताशी आणखी एक नाते आहे. २०१५ साली कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभारण्यात आला. तिथे दर्शनाला जाणाऱ्या आपल्या माणसाच्या ताटात जो मऊ, रस प्यालेला, स्पंजासारखा तुकडा येतो, तो 'कोया-दोफू'. टोफू थंडीत गोठवून, वाळवून ठेवण्याची ही युक्ती. तिला नाव याच पर्वताचे.

मांस नाही, मासा नाही, दूधदुभत्याची रीत नाही. मग अंगाला बळ कशाने यावे? याचे उत्तर मठाने आणि खेड्याने मिळून एकाच दाण्यात शोधले. आपल्याकडे तूर, दूध, ताक, बेसन आणि मीठमसाला जी कामे वाटून घेतात, ती सारी तिथे सोयाबीनकडे आहेत.

कशी ती पहा. हिरव्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून दाणे दातांनी ओढून खातात, त्यांना 'एदामामे' म्हणतात. संक्रांतीच्या सुमारास तुरीच्या शेंगा उकडून सोलत बसणाऱ्या वऱ्हाडी माणसाला ते खाण्यासाठी कोणी शिकवावे लागत नाही. दाणे भाजून त्यांचे पीठ करतात, ते 'किनाको'. साखर घालून ते भाताच्या लाडवांवर भुरभुरतात. फेब्रुवारीच्या आरंभी, वसंत लागण्याच्या आदल्या दिवशी, भाजलेले दाणे घरभर फेकून राक्षसाला बाहेर घालवतात आणि लक्ष्मीला आत बोलावतात, आणि मग आपल्या वयाइतके दाणे मोजून खातात. दाणे भिजवून, वाटून, शिजवून, गाळून दूध काढतात. ते नासवून टोफू. टोफू तळला की 'आबुराआगे'. गाळून उरलेला चोथाही टाकीत नाहीत. गाजर आणि अळंबी घालून त्याची कोरडी भाजी करतात. त्याचे नाव 'ओकारा'. आपल्या कानाला ते जरा चमत्कारिक लागते, पण भाजी चांगली होते. दाणे आणि भाजलेले गहू मिठाच्या पाण्यात महिनोन्‌महिने आंबवून 'शोयू', म्हणजे त्यांचा मीठमसाला. आणि दाणे शिजवून, कुटून, बुरशी धरलेल्या तांदळाबरोबर मुरवून 'मिसो'. हा मिसो दाशीत कालवला की सार झाले. तो अगदी शेवटी घालावयाचा, आणि घातल्यावर उकळी फुटू द्यावयाची नाही, नाहीतर वास उडून जातो.

आमच्या शेजारच्या वृद्ध बाई दर वर्षी जानेवारीत मिसो घालीत. एका हिवाळ्यात त्यांनी मला हाताशी घेतले. प्रमाण सोपे होते: एक किलो सोयाबीन, एक किलो 'कोजी' आणि सुमारे साडेचारशे ग्रॅम मीठ. कोजी म्हणजे वाफवलेल्या तांदळावर वाढवलेली एक विशिष्ट बुरशी. जपानच्या मद्यनिर्मितिशास्त्राच्या संस्थेने २००६ साली तिला राष्ट्रीय बुरशी ठरवले आहे! दाणे रात्रभर भिजवले, दोन बोटांत सहज चिरडतील इतके मऊ शिजवले, कुटले, कोजी आणि मीठ मिसळून त्याचे गोळे केले, आणि हवा राहू नये म्हणून ते गोळे बरणीत आपटून आपटून भरले. वर मीठ पसरले, दगड ठेवला. उन्हाळा उलटून गेल्यावर बरणी उघडावयाची. ते करताना मला आमच्या अंगणातल्या कुरड्या आठवत होत्या. गहू तीन दिवस भिजवावयाचे, रोज पाणी बदलावयाचे, वाटून चीक काढावयाचा, शेजारणींनी मिळून तो हाटावयाचा आणि पळसाच्या फुलांच्या दिवसांत गच्चीवर वाळत घालावयाचा. आम्ही ऊन वापरतो, त्या थंडी वापरतात. धान्य आंबवून त्याचा स्वभाव पालटावयाचा आणि ते वर्षभरासाठी राखावयाचे, ही विद्या दोन्हीकडे बायकांनीच सांभाळली.

'नात्तो'विषयी बोलल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. शिजवलेले सोयाबीन पूर्वी भाताच्या पेंढ्यात गुंडाळून उबेला ठेवीत. पेंढ्यातल्या जिवाणूंनी ते आंबते, त्याला तार सुटते आणि उग्र वास येतो. परदेशी माणसाला जपानी माणूस हमखास विचारतो, "नात्तो खाता का?" 'हो' म्हटले की तो आपल्याला निम्मा जपानी समजतो. पण हा पदार्थ एकट्या जपानचा नव्हे. नागालँडमध्ये अखुनी, मणिपूरमध्ये हवाइजार, मेघालयात तुंग्रिम्बाई आणि सिक्कीममध्ये किनेमा, हे सारे आंबवलेले सोयाबीनच. म्हणजे सोयाबीन खाणे भारताला ठाऊक नव्हते असे नाही. ते आपल्या भागाला ठाऊक नव्हते.

आणि आता आपण आपल्या भागाकडे येऊ. आपल्या शेजारी वर्ध्याला मगनवाडीत १९३५ साली गांधीजींनी सोयाबीनचे प्रयोग केले आणि 'हरिजन'मधून त्याविषयी लिहिले. त्याच दशकात बडोदे संस्थानातले एक अधिकारी काळे यांनी सोयाबीनची लागवड आणि पाककृती यांवर एक मोठा इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला. गरिबाला स्वस्तात पौष्टिक अन्न मिळावे हा हेतू. हेतू उत्तम, माणसे थोर, आणि तरीही सोयाबीन आपल्या ताटात आले नाही. पुढे अर्धशतकानंतर ते आले ते आपल्या शेतात. आणि आज यवतमाळ जिल्ह्याचा खरीप कापूस, सोयाबीन आणि तूर या तिघांवर उभा आहे.

ताटात ते का आले नाही, याचे माझे उत्तर मी टोकियोच्या स्वयंपाकघरातून आणले आहे. सोयाबीन मुगामटकीसारखे नाही. ते नुसते भिजवून उसळ केली तर हिरवट वास येतो आणि पोट फुगते. कच्च्या दाण्यात पचनाला अडथळा आणणारी द्रव्ये असतात, ती नीट शिजवल्यावाचून जात नाहीत. पुस्तक सांगते, यात शेकडा चाळीस भाग प्रथिने आहेत. पण जीभ आणि पोट पुस्तक वाचीत नाहीत. जपानने या दाण्याला आहे तसे क्वचितच ताटात घेतले. त्याला भाजले, नासवले, आंबवले, गोठवले. त्याचा हट्टीपणा घालवला आणि गुण ठेवला. हे काम एका माणसाच्या प्रयोगाने होत नाही. त्याला पिढ्यान्‌पिढ्यांची चूल लागते. आपल्याला दाणा मिळाला आणि त्याच्यामागची चूल मिळाली नाही.

म्हणून आपल्या सोयाबीनचे काय होते? मळणी झाली की पोती थेट बाजार समितीत. तिथून ते गिरणीत जाते. शेकडा अठरा-वीस भाग तेल निघते, आणि प्रथिनांचा जवळजवळ सगळा अंश पेंडेत जातो. ती पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते, परदेशीही जाते. भाव जगाच्या तेलावर आणि पेंडेवर ठरतो. आणि इकडे तूर महागली की मजुराच्या घरचे वरण पातळ होत जाते. प्रथिनांनी भरलेली पोती ज्या हातांनी उचलली, त्याच हातांच्या ताटात प्रथिने कमी, असा हा हिशेब आहे. जपानला आपल्या गरजेच्या सोयाबीनपैकी शेकडा सहा-सात भागच घरचे मिळते. बाकी ते अमेरिका, ब्राझील, कॅनडा अशा देशांतून आणतात. त्यांच्याजवळ चूल आहे, शेत पुरत नाही. आपल्याजवळ शेत आहे, चूल नाही.

कोणी शेतकरी बंधू विचारील, "बाई, घरी दोन पायल्या सोयाबीन खाल्ल्याने भाव वाढेल काय?" वाढणार नाही. भावाचा प्रश्न हमीभावाचा, खरेदीचा आणि आयातीच्या धोरणाचा आहे, आणि तो त्याच ठिकाणी भांडावा लागेल. स्वयंपाकघराने त्याचे ओझे घेऊ नये. पण ज्या धान्याला घरात जागा असते त्याच्याबाबतीत शेतकऱ्याला एक निवड उरते. तूर पडत्या भावात चार पायल्या घरी ठेवता येते, डाळ करता येते, लेकीकडे पाठवता येते. सोयाबीनच्या वाट्याला एकच रस्ता, तो म्हणजे काटा. एवढी एक निवड जरी आपल्या हाती आली तरी थोडे नाही.

आपण सगळ्यांनी मिसोचे सार प्यावे असे माझे म्हणणे नाही. ते आपल्या भाकरीला जुळणार नाही. जुळेल ते घ्यावे. दाणे खरपूस भाजून, साल काढून केलेले पीठ बेसनात चौथाई मिसळले तर पिठल्याला आणि लाडवाला कळतसुद्धा नाही. गव्हाच्या दळणात मूठभर भाजलेले सोयाबीन टाकण्याची रीत काही घरांत आलीच आहे. टोफूही अवघड नाही: पाव किलो दाणे रात्रभर भिजवा, भरपूर पाण्यात वाटा, ढवळीत चांगली उकळी द्या, फडक्यातून गाळा, आणि दूध किंचित निवले की लिंबाचा रस घालून नासवा. पनीर करणाऱ्या बाईला यात नवे फक्त वाटणे. वांग्याच्या रश्श्यात ते तुकडे छान मुरतात, आणि चोथ्याचे थालीपीठ होते. पुरणाचे विचाराल, तर जपानी लोकही आझुकी नावाच्या लाल कडधान्याचे गोड पुरण करून ते लाडवांत भरतात. त्यामुळे या बाबतीत आपण त्यांचे चुलतभाऊच ठरतो!

तीन सूचना मात्र कळकळीने करते. पेरणीसाठी औषध लावलेले बियाणे कितीही धुतले तरी खाण्यात आणू नये. फवारणी झालेल्या शेतातल्या हिरव्या शेंगा उकडावयास घेऊ नयेत. खाण्यासाठी बांधाकडेची एक ओळ वेगळी राखावी. आणि सोयाबीन कच्चे, अर्धवट शिजलेले कधी खाऊ नये. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने एनआरसी १२७ आणि एनआरसी १४२ असे वाण काढले आहेत. पचनाला अडथळा आणणारे मुख्य द्रव्य त्यांत नाही, आणि दुसऱ्यात हिरवट वासाचे एक कारणही काढून टाकले आहे. म्हणजे शास्त्राने आपल्या बाजूने एक पाऊल टाकले आहे. पुढचे पाऊल चुलीने टाकावयाचे आहे.

परक्या देशात राहून आपण काय आणावे, याविषयी नाना मते आहेत. कोणी पैसा आणतो, कोणी यंत्र आणतो. मी तिथून एवढेच आणले की, आपल्याच शिवारातल्या दाण्याशी ओळख नसणे ही काही कायमची अवस्था नव्हे. मठातल्या आचाऱ्यांनी आणि खेड्यातल्या बायकांनी जी ओळख शतकांच्या धीराने करून घेतली, ती आपल्याला त्यांच्याकडून काही वर्षांत शिकता येईल. आणि शिकल्यावर तिचे रूप मात्र भाकरी, रस्सा आणि ठेचा यांच्या शेजारी बसेल असेच असावे. येत्या दिवाळीत सोयाबीनची मळणी झाली की प्रत्येक घराने एक पायली बाजूला काढावी, आणि घरातल्या सुगरणीने, किंवा सुगरण पुरुषाने, त्याचे काय होते ते पाहावे. पुढच्या वसंतात या व्यासपीठावरून त्याचा वृत्तांत इथल्याच एखाद्या भगिनीने सांगितला, तर ते व्याख्यान माझ्यापेक्षा अधिक मोलाचे होईल.